प्रसाद, टिकली, दशांश, लग्न: ख्रिस्ती माणसाने ठरवायचं काय आणि कोणी? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

तरुणांच्या सभेत, लग्नाच्या बोलणीत आणि दिवाळीच्या आठवड्यात तर हमखास, मराठी ख्रिस्ती माणसासमोर हे प्रश्न येतात. बहुतेकांना 'चालतं' किंवा 'चालत नाही' एवढंच ऐकायचं असतं. तसं उत्तर जिथे आहे तिथे मी ते दिलं आहे. जिथे नाही तिथे ठरवायचं कसं, ते लिहिलं आहे. मी प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलेली आहे, त्यामुळे लिहिण्याचा कल तिकडचा आहे. कॅथलिक वाचकांसाठी जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

बायबलमध्ये सगळं सांगितलेलं आहे ना? मग आम्ही निवडायचं काय उरतं?

बरंच उरतं. खून, चोरी, व्यभिचार, खोटी साक्ष, मजुराची मजुरी बुडवणं यांबाबत कोणत्याही मंडळीत 'ज्याची त्याची मर्जी' म्हणता येत नाही. येशू मेलेल्यांतून उठला की नाही, हेही आवडीनिवडीवर सोडलेलं नाही. पण काय खावं, कोणता दिवस पाळावा, लग्न करावं की एकटं राहावं, कोणता धंदा करावा, अशा कितीतरी गोष्टींत नव्या करारात थेट आज्ञा नाही. मंडळ्यांना पत्रं लिहिणारा प्रेषित पौल अविवाहित होता, येशूचा शिष्य पेत्र याचं लग्न झालेलं होतं, आणि दोघांपैकी कुणीही आपला नमुना दुसऱ्यावर लादला नाही.

ही मोकळीक सहजासहजी मिळालेली नाही. पहिल्या मंडळीतला सर्वांत मोठा वाद याच गोष्टीवर झाला. यहुदी नसलेला माणूस ख्रिस्ताकडे आला तर त्याने सुंता करून घ्यायची का, मोशेचं नियमशास्त्र पाळायचं का? इ. स. ४९ च्या सुमारास प्रेषित आणि वडीलजन यरुशलेमेत त्यासाठी जमले आणि हे ओझं नव्या लोकांच्या मानेवर ठेवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. प्रेषितांच्या कृत्यांचा पंधरावा अध्याय सावकाश वाचा. आपण आज मराठीत उपासना करतो, मराठी नावं लावतो, भाकरी-पिठलं खाऊन ख्रिस्ती राहतो, त्याचं मूळ त्या बैठकीत आहे.

रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय सारखा पुढे केला जातो. त्यात आहे तरी काय?

रोममधल्या मंडळीत काही जण सगळं खात होते, काही जण फक्त भाजीपाला. काही जण ठरावीक दिवस पवित्र मानत, काहींना सगळे दिवस सारखे. दोन्ही बाजूंना आपलंच खरं वाटत होतं. पौलाचं स्वतःचं मत सगळं खाणाऱ्यांच्या बाजूचं होतं आणि तो ते लपवत नाही. तरीही भाजी खाणाऱ्यांना तो 'आता तुम्हीही खा' असा हुकूम सोडत नाही. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, कारण दोघेही एकाच धन्याचे चाकर आहेत, असं त्याचं म्हणणं आहे.

पुढे त्याच अध्यायात दोन गोष्टी आहेत, ज्या आपण घाईत ओलांडून जातो. पहिली, प्रत्येकाची स्वतःच्या मनाशी पक्की खात्री झालेली असावी. आईने सांगितलं म्हणून किंवा मित्र हसतील म्हणून घेतलेला निर्णय इथे पुरत नाही. दुसरी, मनात शंका असताना रेटून केलेली गोष्ट, मग ती दुसऱ्यासाठी कितीही निर्दोष असो, करणाऱ्यासाठी पापच ठरते. दोन बहिणींनी एकाच ताटातलं खाल्लं तरी एकीचं बरोबर आणि दुसरीचं चूक असू शकतं. नियमांच्या वहीत हे मावत नाही, आणि मला वाटतं म्हणूनच अनेकांना ते नकोसं वाटतं.

दिवाळीचा फराळ खावा का? आणि प्रसाद?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठ ते दहा हे तीन अध्याय जवळजवळ याच प्रश्नावर आहेत. करिंथमध्ये देवळांत बळी दिलेल्या जनावरांचं मांस बाजारात विकायला येई. तिथल्या अस्क्लेपियस या ग्रीक आरोग्यदेवतेच्या देवळात जेवणाच्या खोल्याच होत्या, उत्खननात त्या सापडल्या आहेत. तिथे मेजवान्या होत आणि आमंत्रणं येत. न जाणं म्हणजे नातलगांशी आणि धंद्यातल्या ओळखींशी फटकून राहणं. आपल्या चाळीत किंवा सोसायटीत राहणाऱ्या माणसाला ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पौल तीन प्रसंग वेगवेगळे धरतो. बाजारातलं मांस घ्या आणि खा, चौकशी करत बसू नका. कुणी घरी जेवायला बोलावलं तर पानात पडेल ते खा, तिथेही चौकशी नको. पण देवळातल्या मेजावर, पूजेचा भाग म्हणून बसू नका. प्रभूचा प्याला आणि मूर्तिपूजेचा प्याला दोन्ही घेता येत नाहीत, असं तो स्पष्ट सांगतो.

आता आपल्याकडे या. शेजारच्या काकू डब्यात चकल्या, करंज्या, बेसनाचे लाडू घेऊन दार वाजवतात. हा शेजारधर्म आहे. तो घ्यावा, आणि नाताळात त्यांचा डबा रिकामा परत न पाठवता त्यात कुलकुलं भरून द्यावीत. 'यातलं काही देवापुढे ठेवलं होतं का?' असं विचारणं पौलाच्या सांगण्याविरुद्धच जाईल.

दुसरा प्रसंग. त्याच काकू गणपतीत तळहातावर मोदक ठेवून म्हणतात, "बाप्पाचा प्रसाद आहे, नाही म्हणायचं नाही." हाही प्रसंग पौलाने धरला आहे. समोरच्याने ते देवाला वाहिलेलं आहे असं मुद्दाम सांगितलं, तर खाऊ नका, आणि तेही सांगणाऱ्यासाठी, असं तो म्हणतो. कारण आता खाण्याला त्याच्या लेखी एक अर्थ आला आहे. मी अशा वेळी हात जोडते आणि सांगते, "काकू, प्रसाद नको, पण तुमच्या हातचा चहा घेऊन जाईन." आजवर एकही शेजारीण त्यावरून दुखावलेली नाही. आढ्यता बाळगून, तोंड फिरवून 'आम्ही ख्रिस्ती, आम्हाला चालत नाही' म्हटलं की मात्र माणसं दुखावतात, आणि ते योग्यच आहे.

प्रेमाने दिलेला मोदक नाकारणं हेच मोठं पाप, असं मानून तो खाणारे प्रामाणिक ख्रिस्ती लोक आहेत. मूर्ती म्हणजे काहीच नाही, असं पौलही आठव्या अध्यायात म्हणतोच. उलट, कालपरवापर्यंत ज्यांच्या घरात तीच पूजा होती त्यांना एक घासही जुन्या जागी ओढून नेणारा वाटतो. यरुशलेमेच्या त्या बैठकीनेही मूर्तीला वाहिलेलं टाळायला सांगितलं होतं. माझा निर्णय मी वर सांगितला. तुमचा तुम्ही घ्या, पण हे तीन अध्याय वाचून घ्या.

टिकली, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या?

आपल्या पुष्कळ ख्रिस्ती बायका मंगळसूत्र घालतात, कित्येकींच्या वाट्यांच्या जागी क्रूस असतो. ती लग्नाची खूण आहे, पूजा नव्हे. टिकलीचंही बहुतेक ठिकाणी तसंच झालं आहे. काही मंडळ्यांत टिकली लावून प्रभुभोजनाला आलेल्या मुलीकडे डोळे वटारून पाहतात. त्यांना माझं सांगणं आहे की चौदावा अध्याय पुन्हा उघडा. आणि ज्या बाईने कुंकू जुन्या श्रद्धेशी जोडलेलं म्हणून स्वतःहून सोडलं, तिला 'इतकं काय त्यात' म्हणून हिणवणाऱ्यांनाही तेच सांगणं आहे.

मला खरी चीड येते ती वेगळ्याच ठिकाणी. नवरा गेला की ख्रिस्ती घरातही बाईचं मंगळसूत्र उतरवायला, बांगड्या काढायला चार बायका पुढे होतात. लेकीच्या लग्नात तिने मागे उभं राहावं अशी अपेक्षा असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला. विधवांना मान द्या असं पहिल्या शतकापासून वाचत आलेल्या मंडळ्यांनी असा ठराव त्याआधीच करायला हवा होता. काय घालायचं, काय उतरवायचं, हे त्या बाईने ठरवावं.

'दुर्बळ भावाला अडखळण होऊ नये' म्हणतात. म्हणजे कुणीही नाराज झालं की मी सोडून द्यायचं?

नाही. या वचनाचा जितका गैरवापर झाला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशाचा झाला असेल. पौलाच्या मनातला दुर्बळ भाऊ म्हणजे तुमचं पाहून स्वतःच्या मनाविरुद्ध वागायला लागेल आणि त्यात मोडून पडेल असा माणूस. गिटार वाजवली म्हणून, मुलीने जीन्स घातली म्हणून कपाळाला आठ्या घालणारे वडीलजन त्या व्याख्येत बसत नाहीत. ते अडखळत नाहीत, त्यांना फक्त आवडत नाही.

पौलाची स्वतःची वागणूक पाहा. आपला ग्रीक सहकारी तीत याची सुंता करा असा आग्रह झाला तेव्हा तो क्षणभरही नमला नाही, कारण तिथे 'याशिवाय तारण नाही' असं म्हटलं जात होतं. पण दुसरा सहकारी तीमथ्य याची आई यहुदी होती, आणि यहुद्यांमध्ये काम करताना अडचण नको म्हणून त्याची सुंता पौलाने स्वतःच केली. कुणी श्रद्धेच्या नावाखाली बेडी घालू पाहत असेल तर नमू नका. कुणाच्या भल्यासाठी आपलं काही सोडावं लागत असेल तर खुशाल सोडा, आणि ते स्वतःहून सोडा. मार्टिन लुथरने १५२० साली ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर लिहिताना हीच दोन टोकं एकत्र बांधली होती: तो कुणाचाही ताबेदार नाही, आणि तो सगळ्यांचा सेवक आहे.

दारू?

नशेला बायबलमध्ये साफ मनाई आहे, द्राक्षारसाला नाही. मिशनच्या हाताखाली वाढलेल्या आपल्या कित्येक मंडळ्यांत पूर्ण वर्ज्य करण्याची रीत आहे. मुंबईच्या ईस्ट इंडियन किंवा वसईच्या कॅथलिक लग्नघरात ग्लास पुढे येतो. दोन्हीकडे श्रद्धावंत माणसं आहेत. पण पंगतीत कुणी दारू सोडू पाहणारा बसला असेल तर त्या दिवशी तुमच्या ग्लासात सरबत असावं. यावर मी वाद घालणार नाही.

पाळकसाहेबांनी सांगितलं की ऐकायलाच हवं का?

त्यांचं ऐकून घ्यायला हवं, गंभीरपणे. पण तुमच्या वतीने विश्वास ठेवणं त्यांच्या हातात नाही.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. ज्या भगिनी मठात त्या राहत होत्या तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांना वाटत होतं की रमाबाईंनी आता अँग्लिकन चर्चची शिकवण निमूट स्वीकारावी. रमाबाईंनी प्रश्न विचारायचं थांबवलं नाही. त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) शिकवणीवर त्यांनी वाद घातला, क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं विचारलं, आणि मांसाहार न करण्याची आपली रीत सोडली नाही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असा हिंदुस्थानातल्या बिशपांचा सल्ला आला, तेव्हा तोही त्यांना पटला नाही. १८८५ मध्ये त्यांनी सिस्टर जेराल्डीनना स्पष्ट लिहिलं की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटून आले आहे, आता दुसऱ्या तशाच जोखडाखाली मान देणार नाही.

त्यांच्या सगळ्या मतांशी मी सहमत नाही, आणि पुढे त्यांची मतंही बदलली. ख्रिस्ती धर्म आपल्याला आधी मिळाला आणि ख्रिस्त नंतर भेटला, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. पण तो ख्रिस्त त्यांना भेटला तो प्रश्न विचारतच, कुणी गप्प बसवल्यामुळे नव्हे. याच बाईने केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुलीबाळींना आसरा दिला आणि हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. तुमच्या मंडळीत एखादी मुलगी फार प्रश्न विचारते म्हणून तक्रार येत असेल तर तिला बसायला पुढची खुर्ची द्या.

कॅथलिक असेन तर? तिथे तर चर्चचे नियम बांधील असतात.

हो. रविवारची मिस्सा, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवारचा उपवास (अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत), चौदा वर्षांवरील सगळ्यांनी त्या दिवशी मांस वर्ज्य करणं, या गोष्टी वैयक्तिक मर्जीवर नाहीत. आजारी आणि अशक्त माणसांना अर्थातच मोकळीक आहे. पण कॅथलिक शिकवणीतही माणसाने आपल्या विवेकाच्या ठाम निर्णयाविरुद्ध वागू नये, असंच आहे. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्यावरचं जाहीरनामापत्र काढलं, त्यात कुणालाही विवेकाविरुद्ध वागायला भाग पाडू नये, असं स्पष्ट म्हटलं आहे. मात्र विवेक घडवावा लागतो, शास्त्र, प्रार्थना आणि चर्चच्या शिकवणीतून. 'मला आतून वाटलं' एवढ्यावर फादर समाधान मानणार नाहीत, आणि त्यांनी मानूही नये.

माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला. मला कुणी विचारलंच नव्हतं.

ही तक्रार जुनी आहे. १५२५ मध्ये झुरिकमध्ये काही जणांनी याच कारणासाठी मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि त्यातल्या काहींना त्यासाठी जीव गमवावा लागला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा त्यात बॅप्टिस्टही होते आणि बालबाप्तिस्मा देणारेही. तिथे दोन्ही रीती मान्य आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. बालबाप्तिस्मा झालेल्यांसाठी 'हो' म्हणायची वेळ दृढीकरणाला, म्हणजे मोठेपणी स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याच्या विधीला, येते. म्हणून पालकांनो, वर्गातल्या सगळ्यांबरोबर उरकून टाका असं करू नका. मूल 'अजून नाही' म्हणालं तर थांबा.

दशांश द्यायलाच हवा?

दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा मंडळीला देणं. नव्या करारात दहा टक्क्यांचा आकडा मंडळीवर बंधनकारक केलेला नाही. ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा भाग पडलं म्हणून देऊ नये, असं करिंथकरांस दुसऱ्या पत्रात आहे. कित्येक जण दहापेक्षा जास्त देतात, आनंदाने. पण कर्जात बुडालेल्या घराकडे दशांशाची वही घेऊन जाणं आणि आशीर्वाद अडेल अशी भीती घालणं, याला माझा विरोध आहे.

मी ख्रिस्ती झालो, घरच्यांनीही व्हावं असं वाटतं. किती आग्रह धरावा?

कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा ख्रिस्ती झाल्या नाहीत. काही वर्षं त्या नातेवाइकांकडे राहिल्या आणि पुढे नवऱ्याकडे परतल्या त्याही आपलं सोवळं घेऊनच, वेगळी चूल मांडून. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येकाला हा भाग ठाऊक आहे. बाप्तिस्म्याच्या आधी त्यांचं सोवळं सुटलं. जातिभेद देवाने केलेला नाही हे त्यांना स्वतःच्या विचाराने उमगलं आणि कुणाच्याही हातचं खायला त्या तयार झाल्या. मग यथावकाश बाप्तिस्मा. टिळक शीघ्रकोपी होते, घरात खटके उडत, पण बाप्तिस्म्याचा निर्णय त्यांनी बायकोकडेच राहू दिला. म्हणूनच लक्ष्मीबाईंचा विश्वास पुढे टिळक गेल्यावरही टिकला.

खुद्द टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचं सांगत. अभंग, कीर्तन, भजन त्यांनी मंडळीत आणलं. ख्रिस्ताकडे येण्यासाठी मराठी मन बाहेर काढून ठेवावं लागत नाही, हे त्यांनी जगून दाखवलं. तेव्हा घरच्यांवर प्रेम करा, विचारलं तर सांगा, आणि वाट पाहा. जोडीदार ख्रिस्ती नसला तरी एकत्र राहायला राजी असेल तर त्याला सोडू नये, हा पौलाचा सल्ला आहेच.

ख्रिस्ती नसलेल्या व्यक्तीशी लग्न केलं तर?

लग्न करणाऱ्याने 'प्रभूमध्ये' करावं असं पौल लिहितो, आणि बहुतेक मंडळ्या त्यावर ठाम आहेत. कॅथलिकांना अशा विवाहासाठी बिशपकडून परवानगी घ्यावी लागते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली धर्म न बदलता नोंदणी विवाह करता येतो. माझं मत विचाराल तर, केवळ लग्न व्हावं म्हणून समोरच्याला घाईने बाप्तिस्मा घ्यायला लावणं हे सर्वांत वाईट.

देवाने सगळं आधीच ठरवलेलं असेल तर निवडीला अर्थ काय?

डच विद्वान इरॅस्मस आणि लुथर १५२४-२५ मध्ये यावर भांडले, कॅल्व्हिनच्या (देवाच्या निवडीवर भर देणाऱ्या) आणि आर्मिनियसच्या (माणसाच्या प्रतिसादालाही जागा देणाऱ्या) अनुयायांचा वाद १६१८-१९ मध्ये नेदरलंड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेपर्यंत गेला, आणि तो अजून मिटलेला नाही. पण या वादातल्या एकाही बाजूने 'म्हणून तुम्ही जबाबदार नाही' असं म्हटलेलं नाही. उद्या सकाळी खरं बोलायचं की खोटं, हा प्रश्न डॉर्टवर ढकलता येत नाही.

कायदा काय म्हणतो?

संविधानाच्या २५ व्या कलमाने सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा, प्रसार करण्याचा हक्क सगळ्यांना दिला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. या निकालावर ख्रिस्ती लोकांनी बरीच टीका केली आहे. पण आमिष किंवा धाक दाखवून मिळवलेला बाप्तिस्मा आपल्या श्रद्धेच्या दृष्टीनेही बाप्तिस्मा नव्हेच, एवढं आपण स्वतः ठणकावून सांगायला हवं. त्याचबरोबर, स्वतःच्या मनाने ख्रिस्ताकडे येणाऱ्या सज्ञान माणसाला अडवणं हाही त्याच्या विवेकावरचा घाला आहे.

माझा विश्वासच डळमळला आहे. सोडून जायची मोकळीक आहे का?

आहे. श्रीमंत तरुण मालमत्ता सोडवेना म्हणून खिन्न होऊन निघून गेला, तेव्हा येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रेम केलं होतं, पण त्याला हाताला धरून थांबवलं नाही. अनेक शिष्य सोडून गेले तेव्हा त्याने बारा जणांनाही विचारलं की तुम्हालाही जायचं आहे का. योहानाच्या सहाव्या अध्यायात हे आहे. हा प्रश्न विचारणाऱ्या प्रभूच्या मंडळीने कुणाला लाजवून, घरातून काढण्याची धमकी देऊन धरून ठेवू नये.

जाण्याआधी एक करा. ज्या माणसाशी घाबरल्याशिवाय बोलता येतं अशा एकाशी बोला, मग ते पाळक असोत, आजी असो की मैत्रीण. उपासनेला न जाता घरी बसावंसं वाटत असेल तर काही आठवडे बसा. आणि आईबाप हे वाचत असतील तर त्यांना सांगते: रविवारी मूल उठलं नाही तरी त्याचं जेवण वाढून ठेवा आणि त्या जेवणावर प्रवचन देऊ नका.